सिकंदर आणि त्याचे मित्रमंडळ

सिकंदराला मरून तेवीसशे वर्षं उलटली, पण सूसच्या निसर्गराज सोसायटीत सातव्या मजल्यावर त्याचं सुतक अजून फिटलं नव्हतं. तिथे विलासराव नेने राहत. पिरंगुटच्या एका पंपाच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून दुपारी साडेबाराला ताटावर बसले की समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत, "बरं, मग हेफायस्टिअनबद्दल तुझं काय म्हणणं आहे?" खुर्ची काही बोलत नसे. पत्नी प्राजक्ताताई म्हणत की आमटी गार होतेय.

हेफायस्टिअन म्हणजे सिकंदराचा बालमित्र. एवढा जिवाचा की तो गेला आणि पुढे आठ महिन्यांत सिकंदरही गेला. आता सिकंदर त्याच्या दुःखाने गेला, की तापाने, की दारूने, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी सोडवायचा ठेवला आहे. कारखान्यात तो रोज अर्धा तास, जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरच्या मागच्या करंजाखाली चर्चेला येई. एका बाजूला विलासराव आणि दुसऱ्या बाजूला स्टोअरमधला धुळाजी ढेबे, अशी ही परिषद बावीस वर्षं चालली. धुळाजी पौडच्या पुढच्या डोंगरातला धनगर. घरी शेळ्या-मेंढ्या, भावकीत एवढाच नोकरीला लागलेला. पौडच्या वाचनालयात त्याला सिकंदरावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं, ज्याचं मुखपृष्ठ आणि पहिली चौदा पानं कोणीतरी कधीच फाडून नेली होती. त्यामुळे लेखक कोण हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि लेखकाच्या अधिकाराचा दाब दोघांवरही नव्हता.

विलासराव हेफायस्टिअनच्या पक्षाचे. धुळाजी कोइनसच्या. हा कोइनस म्हणजे पंजाबात बियास नदीच्या काठी उठून उभा राहिलेला म्हातारा सरदार. सगळे गप्प असताना त्याने राजाला तोंडावर सांगितलं की माणसं थकलीत, आता घरी जायचं. धुळाजीचं म्हणणं असं की मांडीला मांडी लावून बसणारा तो मित्र नव्हे, खरं सांगणारा तो मित्र. शिवाय परतताना ज्या राजाने वाळवंटातून माणसं आणि जनावरं पाण्यावाचून नेली आणि मारली, त्याला धुळाजीने शेळ्यासुद्धा राखायला दिल्या नसत्या. यावर विलासरावांचा घास हातातच राहायचा, आणि भोंगा होईपर्यंत धुळाजीची बाजरीची भाकरी त्यांच्या डब्यात आणि त्यांची पोळी धुळाजीच्या फडक्यात गेलेली असायची.

मग निरोपसमारंभ झाला. तसं पाहिलं तर निरोपसमारंभात माणसाने भाषण करू नये, नुसता नारळ घ्यावा. विलासरावांनी भाषण केलं, आणि भाषणाच्या भरात सांगितलं की एका वर्षी सदोष पंपांची अख्खी खेप आपण दारातून परत फिरवली आणि कारखान्याची अब्रू वाचवली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात धुळाजी उठला. तो म्हणाला, साहेबांनी माल पास म्हनून सही केली व्हती, मीच खेप दोन दिस स्टोअरात दडवून ठेवली आन त्यास्नी म्हनलं फिरून एकदा बघा. त्याने हे अभिमानाने सांगितलं. मित्राचा मोठेपणा सांगावा तसं सांगितलं, कारण पुढे तो असंही म्हणणार होता की चूक कळल्यावर ती मान्य करणारा साहेब बावीस वर्षांत हा एकच बघितला. पण ते पुढचं कोणी ऐकलंच नाही. मांडवात हशा पिकला, आणि खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेतलेले विलासराव माइकमधून बोलून गेले, "मेंढरांमागे हिंडणाऱ्याने मला इतिहास शिकवू नये."

माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

इथे जाणकारांना क्लायटस आठवेल. त्याने लढाईत सिकंदराचा जीव वाचवला होता, आणि पुढे एका मेजवानीत चार खरे शब्द बोलला म्हणून सिकंदराने त्याला तिथल्या तिथे भाला मारला. विलासरावांनाही तो त्याच रात्री आठवला. मग सिकंदर तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिला होता. विलासरावांना मधुमेह असल्याने त्यांना तसं पडून राहता आलं नाही. त्यांनी तीन वर्षं वेळेवर जेवून, गोळ्या घेऊन, धुळाजीची वाट पाहिली.

फोन केला तर धुळाजी आवाज ओळखून "राँग नंबर" म्हणे आणि ठेवून देई. मग विलासरावांनी गळ टाकला. कारखान्यातल्या निवृत्तांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता, आणि धुळाजी तिथे होता. विलासरावांनी लिहिलं, सिकंदराने कोइनसला बियासच्या काठी फाशी दिली. उत्तर नाही. मग लिहिलं, सिकंदर पोहायला गेला आणि सुसरीने खाल्ला. उत्तर नाही. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी लिहिलं की हेफायस्टिअन हे सिकंदराच्या घोड्याचं नाव होतं. यावर अकरा जणांनी नमस्काराचे हात पाठवले, एकाने "छान माहिती" म्हटलं, आणि धुळाजीने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या. त्या दिवशी मात्र विलासराव हादरले. असलं वाक्य वाचून जो माणूस गप्प बसतो, तो आपल्याला कायमचा अंतरला, असं त्यांना वाटलं.

"डोंगर काही पळून गेला नाही," प्राजक्ताताई म्हणाल्या. "जाऊन या. त्यांच्याकडे घरी जाऊन बोलावल्याशिवाय कोणी येत नाही. तुम्हीच मला सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला धुळाजी स्वतः दोनदा सूसला आला होता, एकदा अक्षता घेऊन आणि एकदा नुसती आठवण करायला. पण माणूस अपराधी असला की त्याला सरळ रस्ता दिसत नाही. विलासरावांना वाटलं की आपण दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा असं काहीतरी करावं की धुळाजीला राहवणार नाही आणि तो आपल्या पायांनी येईल. त्यांनी परिसंवाद ठरवला. विषय 'सिकंदर आणि त्याचे मित्रमंडळ'. व्यासपीठावर आपण हेफायस्टिअनची बाजू इतकी वाईट मांडायची की मागच्या रांगेतून एक माणूस उठलाच पाहिजे.

सोसायटीचा हॉल खालीच होता. चिटणीस शैलेश म्हणाला की हॉल बारसं, वाढदिवस आणि डोहाळजेवण यांनाच देता येतो, सिकंदर यांतल्या कशात बसतो ते सांगा. 'इतर' असा एक रकाना होता, पण त्यासाठी कार्यकारिणीची बैठक लागे. बैठकीला सात जण आले आणि त्या सातांनी आठ सूचना केल्या. एक म्हणाले, सिकंदर नको, पोरस घ्या. दुसऱ्यांचं मत पडलं की इतिहासाला कोणी येत नाही, त्यापेक्षा रक्तातल्या साखरेची तपासणी ठेवा आणि लोक बोटाला कापूस धरून बसले असताना तुम्ही बोला. एका बाईंना मध्ये नातीचा नाच बसवायचा होता. शैलेशला मोठी शंका होती. सिकंदर हा परकीय आक्रमक, उद्या कोणी विचारलं तर सोसायटीने काय सांगायचं? शेवटी विलासरावांनी शंभराच्या मुद्रांकावर लिहून द्यावं असं ठरलं की 'सदर गृहनिर्माण संस्था सिकंदराच्या स्वारीचे कोणत्याही प्रकारे समर्थन करत नाही व स्वारीमुळे झालेल्या नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही.' विलासराव सही करून देणारही होते. पण त्यांच्या लक्षात आलं की धुळाजी सूसला येणारच नाही. तीन वर्षं ज्या गावाचं नाव घेतलं नाही, तिथे तो कशाला येतोय?

म्हणून परिसंवाद पौडला हलवला. वाचनालयाच्या माडीवर एक खोली होती आणि जुईली नावाची ग्रंथपाल होती. ती म्हणाली, "काका, खोली देते, पण ध्वनिक्षेपकाची परवानगी तुम्ही आणा." परवानगीच्या कचेरीत अर्ज होता आणि अर्जात रकाना होता की कार्यक्रम कोणाच्या सन्मानार्थ आहे, त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि ती हयात आहे काय. विलासराव खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी 'सिकंदर, मॅसिडोनिया, हयात नाही' असं भरलं. कारकुनाने शांतपणे मृत्यूचा दाखला जोडायला सांगितलं. विलासरावांनी तितक्याच शांतपणे विचारलं की दाखल्यात मृत्यूचं कारण लिहावं लागतं का, कारण वाद नेमका त्याचाच आहे. कारकुनाने पेन खाली ठेवून वाद काय आहे ते विचारलं. विलासरावांनी पाऊण तास सांगितला. रांगेत मागे उभा असलेला सातबारावाला म्हणाला की दारूच असणार, त्याच्या मेव्हण्याचं तसंच झालं. कारकून तापाच्या बाजूचा निघाला. त्या खिडकीवर परवानगी मिळाली नाही, पण विलासराव तीन वर्षांत प्रथमच हसत घरी आले. वाटेत भूगावजवळ त्यांना आठवलं की हे सगळं आता धुळाजीला सांगितलं पाहिजे, आणि मग पुढे घरापर्यंत ते काही हसले नाहीत.

दुसऱ्या खेपेला जुईलीने त्यांना ते पुस्तक दाखवलं. बिनमुखपृष्ठाचं, तसंच. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर नेल्याच्या तारखा होत्या. तीन वर्षांत पुस्तक अकरा वेळा गेलं होतं आणि अकराही वेळा पुढे एकच सही होती, स्टोअरच्या पावत्यांवर विलासरावांनी हजारदा पाहिलेली, शेवटच्या वेलांटीला उगाच लांब शेपूट असलेली. त्यांनी क्लायटसचं पान उघडलं. कडेला तेलकट बोटाचा ठसा होता. विलासराव ते पान उघडं धरून बराच वेळ बसले. जुईलीने विचारलं, काका, पुस्तक नेणार का? ते नाही म्हणाले. आपण नेलं आणि नेमका तेव्हाच तो आला तर काय वाचेल, असं त्यांच्या मनात आलं.

आता त्यांना धीर धरवेना. ध्वनिक्षेपकाशिवायच बोलायचं ठरवून त्यांनी निमंत्रणपत्रिका छापली आणि टपालाने डोंगरात पाठवली. आठ दिवस गेले. प्राजक्ताताई म्हणाल्या, "अहो, जा ना." विलासरावांनी त्याऐवजी फ्लेक्स करायचं ठरवलं. मुळशीत फ्लेक्सवर आल्याशिवाय कोणतीच गोष्ट घडली असं मानत नाहीत. दहावी पास होण्यापासून नवी गाडी घेण्यापर्यंत सगळ्यांचे फ्लेक्स पिरंगुटच्या चौकात लागतात. धुळाजी दर गुरुवारी तिथे पेंड न्यायला येतो, हे त्यांना माहीत होतं.

चौकातला फ्लेक्सवाला गोरख पन्नाशीचा, कामसू आणि अबोल माणूस. विलासरावांनी त्याला व्हॉट्सॲपवर मजकूर धाडला. वर मथळा 'सिकंदर आणि त्याचे मित्रमंडळ'. खाली वाचनालय, रविवार, सकाळी दहा. मग त्यांना वाटलं की सरळ धुळाजीलाच साद घालावी. त्यांनी करंजाखालचा त्याचा एक हसरा फोटो पाठवला, धुळाजी सखाराम ढेबे असं पूर्ण नाव लिहिलं आणि बराच वेळ विचार करून खाली एक ओळ टाकली, 'तीन वर्षं झाली, तुझी उणीव भासते.' पाठवताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्या भरात आणखी काही सूचना द्यायच्या राहून गेल्या.

गोरखने वीस वर्षांत जे हजारदा केलं तेच केलं. फोटो आला, नाव आलं, तीन वर्षं आली, उणीव आली. त्याने साचा उघडला आणि काम उरकलं.

शुक्रवारी साडेबाराला विलासराव ताटावर बसले होते. फोन वाजू लागला. निवृत्तांच्या गटावर चौतीस संदेश होते आणि सगळ्यांत वर एक छायाचित्र होतं. पिरंगुटचा चौक, विजेचा खांब, खांबाला दहा फुटी फ्लेक्स. मधोमध धुळाजी, गळ्यात झेंडूचा हार, एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला कमळ. वर मोठ्या अक्षरांत 'तृतीय पुण्यस्मरण'.

विलासरावांच्या हातातला घास ताटात पडला. तीन वर्षं. म्हणजे निरोपसमारंभानंतर लगेचच. म्हणजे आपण ज्याची वाट पाहत होतो तो त्याच महिन्यात गेला आणि कोणी आपल्याला कळवलंसुद्धा नाही, कळवतील तरी कशाला, आपण कोण लागतो? सांगायचं राहिलं. आता कोणाला सांगणार? प्राजक्ताताई पाणी घेऊन धावल्या. विलासराव काहीतरी पुटपुटत होते आणि त्यांना ऐकू आलं ते एवढंच की तो उठला तेव्हा पुढचं ऐकायला हवं होतं.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि मग त्यांच्यातला माल तपासणारा जागा झाला. तीन वर्षांपूर्वी गेला, तर पुस्तक अकरा वेळा कोणी नेलं? घोड्याच्या निरोपावर निळ्या खुणा कोणाच्या उमटल्या? त्यांनी छायाचित्र बोटांनी मोठं केलं. खाली बारीक अक्षरांत होतं, 'तीन वर्षं झाली, तुझी उणीव भासते.' आणि त्याच्याखाली, 'शोकाकुल : सिकंदर आणि त्याचे मित्रमंडळ.'

म्हणजे मारेकरी आपणच होतो. दुसऱ्यांदा.

गटावर तोवर दुःखाला पूर आला होता. एकाने लिहिलं होतं की अंत्ययात्रेला तो स्वतः हजर होता आणि एवढी गर्दी त्याने पाहिली नव्हती. विलासरावांनी गोरखला फोन केला. गोरख म्हणाला, फ्लेक्स आता तिथं न्हाई, सकाळीच काढून नेला. कोणी नेला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मयत आलं व्हतं."

त्यानंतर विलासरावांनी अंगातला सदराही बदलला नाही. फक्त रविवारच्या परिसंवादाचं चार पानी प्रास्ताविक खिशात घातलं, कारण बोलायला काहीतरी हाताशी हवं होतं. पौड मागे पडलं, डांबर संपलं, पुढे खडीही संपली. जिथे स्कूटर चढेना तिथून ते तिला ढकलत गेले. वाडी सतरा घरांची. पहिल्याच घरी त्यांनी धुळाजीबद्दल विचारलं तर एक बाई पदर डोळ्यांना लावू लागली आणि मग एकदम आठवून हसू लागली.

धुळाजीच्या ओट्यावर त्याची बायको तुकाबाई तांदूळ निवडत बसली होती. मुलीच्या लग्नात पाहिलेल्या त्या बाईने विलासरावांना नखशिखांत न्याहाळलं आणि बसा म्हटलं नाही.

"कालधरनं चूल न्हाई पेटवली मी," ती म्हणाली. "लोकं कडू घास घिऊन येत्यात. पार मुठ्यापास्नं पावनं आलं, पिठलं-भाकरी घिऊन. फलकावरचं आकडं कोन वाचतंय? दिवा बघितला, निघाले. आन ह्यो समोर बसून त्यांचंच पिठलं खातोय."

विलासराव म्हणाले की त्यांना सगळं ऐकून फार वाईट वाटतं.

"वाईट काय, माजी तर चंगळ झाली," तुकाबाई म्हणाली. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मग तिने सांगितलं की आज सकाळी तो स्वतः पिरंगुटला गेला, खांबावर चढला आणि फ्लेक्स सोडवू लागला. खाली माणसं हात जोडून उभी, वर हा. वरून त्याने एक हात हलवून दाखवला तेव्हा कुठे लोकांना पटलं. विलासरावांना मुलतानजवळची ती होडी आठवली. बाण लागून सिकंदर मेला अशी आवई उठली होती आणि त्याला होडीत झोपवून सैन्यासमोरून नेलं, तेव्हा त्याने असाच एक हात वर केला होता. धुळाजीलाही वरून नक्की तेच आठवलं असणार. खांबावर चढलेल्या त्या माणसाला हे म्हणायला जवळ कोणी नव्हतं, याचं विलासरावांना इतकं वाईट वाटलं की त्यांना खरोखरच बसायची गरज भासली.

"वर हाय," तुकाबाईने हनुवटीने दाखवलं. "कोकरांचा वाडगा शाकारतोय. आन साहेब, तीन वरसं झाली, दुपारी साडेबाराला भाकरी घिऊन तो एकलाच वर जाऊन बसतुया. घरात गिळत न्हाई. काय म्हनला व्हता तुमी त्याला, त्यो मला अजून सांगत न्हाई."

विलासराव टेकडी चढले. वर करवंदीच्या जाळीशेजारी काठ्यांच्या कुंपणाचा वाडगा होता, आत कोकरं ओरडत होती, आणि त्यावर पसरलेला फ्लेक्स दोरीने ताणत धुळाजी पाठमोरा उभा होता. केस पांढरे झाले होते. खांदे तेच होते. त्याने वळून पाहिलं आणि दोरी बांधायचं काम चालू ठेवलं.

विलासरावांनी खिशातून चार पानं काढली. घसा साफ केला. "मॅसिडोनिया हा ग्रीसच्या उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश," त्यांनी वाचायला सुरुवात केली. पुढची ओळ त्यांना दिसेना. वारा पानं उलटत होता आणि ते तिथे एका हातात मॅसिडोनिया आणि दुसऱ्या हातात चष्मा घेऊन उभे होते.

धुळाजीने गाठ मारली आणि दगडावर बसला. "क्लायटसला मारल्यावर सिकंदर तीन दिस रडला," तो सावकाश म्हणाला. "पुस्तकात हाय. पर रडून काय करतो? ज्याच्याफुडं रडायचं त्योच न्हाई. भटाबामनांनी सांगितलं, देवाची मर्जी व्हती, तुजी चूक न्हाई. लई सोपं झालं त्याला." मग त्याने विलासरावांकडे पाहिलं. "क्लायटस मेला व्हता. मी हाय. बोल."

बावीस वर्षांत धुळाजीने त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. विलासरावांनी चार पानांची घडी केली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "मेंढरांमागे हिंडणारा म्हणालो, चार माणसांत, माइकवर. खेप तूच थांबवलीस. माझी नोकरीसुद्धा तूच वाचवलीस. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लागलं."

एवढंच. तीन वर्षं, एक हॉल, एक मुद्रांक, एक कचेरी आणि दहा फुटी फ्लेक्स खर्ची घालून जे बोलायचं होतं ते एवढंच होतं, आणि त्याला एक श्वास पुरला.

एक कोकरू कुंपणातून डोकं काढून बघत होतं, ते धुळाजीने आत ढकललं. विलासरावांना वाटलं की आता हा जा म्हणेल, आणि म्हटलं तर निमूट जायचं असं त्यांनी ठरवलं.

"हेफायस्टिअन घोडा व्हता?" धुळाजीने विचारलं.

विलासराव खाली बघू लागले.

"दोन वरसं," धुळाजी म्हणाला, "दोन वरसं मला झोप न्हाई त्याच्यापायी. फोन हातात घ्यायचो, लिवायचो, पुसायचो. एवढा शिकलेला मानूस, घोडा म्हनतो."

"तू उत्तर द्यावंस म्हणून लिहिलं होतं."

"ते कळत व्हतं मला. म्हून तर दिलं न्हाई."

फ्लेक्सच्या कामात साडेबारा टळून गेले होते, त्याने आता फडकं सोडलं. बाजरीची भाकरी आणि मुठ्याहून आलेलं पिठलं होतं. स्वतःच्या कडू घासातली अर्धी भाकरी मोडून त्याने विलासरावांपुढे धरली, आणि विलासरावांनी मधुमेहाचा, प्राजक्ताताईंचा, आमटीचा कसलाही विचार न करता ती घेतली. मग दगडावर बसून परिसंवाद सुरू झाला. धुळाजीचं मत बदललेलं नव्हतं. त्याच्या मते सिकंदर तापाने गेला, वर दारू होतीच. विलासराव म्हणाले, मित्र गेल्यावर आठ महिन्यांत माणूस मरतो याचा अर्थ काय तो समज. धुळाजी म्हणाला, तू तीन वरसं जगलास की. विलासराव म्हणाले, जगलो, पण कसा ते विचारू नकोस. धुळाजीने विचारलं नाही. त्याने नुसती उरलेली भाकरी त्यांच्याकडे सरकवली.

उन्हं कलायला लागली तेव्हा विलासराव उठले. रविवारी दहा वाजता, पौडला, असं त्यांनी तोंडाने आवतण दिलं. धुळाजी म्हणाला, बघू, मेंढरं कोन बघंल? म्हणजे येणार. जाता जाता विलासरावांना त्या फ्लेक्सची लाज वाटली. ते म्हणाले, हे काढून टाक, मी तुला चांगली ताडपत्री आणून देतो.

"कशाला? झ्याक हाय. दोन पावसाळं जातील," धुळाजी म्हणाला.

विलासराव वाकून आत बघू लागले. समई, कमळ, हार घातलेला हसरा धुळाजी आणि ते तृतीय पुण्यस्मरण, सगळं वर आभाळाकडे तोंड करून पसरलं होतं. फक्त खालची एक पट्टी आत दुमडून काठीला शिवलेली होती. कोकरांच्या डोक्यावर, जिथे रोज दुपारी साडेबाराला भाकरी घेऊन बसणाऱ्यालाच ती दिसेल, अशी. तीन वर्षं झाली, तुझी उणीव भासते.

"तेवढं आतल्या अंगाला घेतलंय," धुळाजी म्हणाला, दोरीची गाठ उगाच पुन्हा तपासत. "पावसानं पुसाया नको."